पिसलेल्या पत्त्यांत एक्का सापडतो का?

नाशिकमधल्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय: 'पत्ते नीट मिसळायला 7 वेळा पिसावे लागतात. कॅसिनोत 2-3 वेळाच पिसतात. डीलरच्या हातावर नजर ठेवा, एक्के-चित्रं कुठे गेली ते कळतं. ब्लॅकजॅकमध्ये पैसा हमखास.' (ब्लॅकजॅक म्हणजे पानांची बेरीज 21 च्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा, म्हणजे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायचा खेळ.) आमच्या सिडकोतला एक मुलगा हे वाचून बोनसचे पैसे घेऊन गोव्याला निघालाय, म्हणून लिहितोय.

7 हा आकडा खरा आहे. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली तो गणिताने मांडला. पण तो दोन भाग करून पानं एकमेकांत गुंफत पिसण्याचा, 52 पत्त्यांच्या एका जोडाचा आणि प्रत्येक पान वेगळं धरून काढलेला. ब्लॅकजॅकमध्ये इस्पिक काय, बदाम काय, सारखंच. राजा, राणी, गुलाम, दश्शी चारही 10 च. अशी पानं एकच मानली की कमी पिसूनही भागतं. उलट कॅसिनोच्या टेबलावर बऱ्याचदा 6 किंवा 8 जोड असतात, म्हणजे 312 किंवा 416 पत्ते. तिथे जास्त पिसावं लागतं. त्यामुळे 7 चा आधार घेऊन काहीच सिद्ध होत नाही.

नजरेचं म्हणाल तर पिसताना पानं पालथी असतात. खरा जाणकार त्याआधीच कामाला लागतो. खेळून झालेली पानं ढिगात पडताना कुठल्या थप्पीत मोठी पानं (एक्के, चित्रं, दश्श्या; ती खेळाडूच्या फायद्याची) जास्त गेली ते तो मोजतो, मग ती थप्पी पिसण्यातून कुठे जाते याचा माग ठेवतो. ही विद्या खरी आहे, मी नाकारत नाही. पण हिशोब करा. 52 पानांच्या थप्पीत 10 मोठी पानं नेहमीपेक्षा जास्त आहेत. ती तेवढ्याच साध्या थप्पीत पिसली की 104 पानांत 10 जास्त. तो ढीग आणखी 104 पानांत पिसला की 208 त 10, म्हणजे 52 मागे अडीच. मोजताना किंवा थप्पीची जागा ओळखताना थोडं चुकलं, की तेवढंही हातात राहत नाही.

आणि 'हमखास'? चांगल्या नियमांच्या टेबलावर बिनचूक खेळलं तरी कॅसिनो साधारण अर्ध्या टक्क्याने पुढे असतो. खेळलेली पानं मोजत खेळणाऱ्या तरबेज खेळाडूची आघाडी 1 टक्क्याच्या आसपास. एवढ्या आघाडीवर शनिवार-रविवारच्या दोन रात्रींत काय होईल ते नशीबच ठरवतं. नशीब फिरलं तर बोनस पहिल्याच रात्री संपतो.

शिवाय काही टेबलांवर सतत पिसणारं यंत्र असतं. खेळलेली पानं डावानंतर लगेच त्यात परत जातात. थप्पीच तयार होत नाही, मग माग कशाचा ठेवणार?

त्या मुलाला सांगतो: निघण्याआधी घरी ये. चार जोड आणून ठेवलेत. 52 पानांच्या पाठीवर पेन्सिलने खूण करू, तू स्वतः दोनदा पिस, आणि मग खुणेची पानं कुठे आहेत ते न बघता मला सांग.