काका, हा ऐकीव पुरावा आहे

गेले काही दिवस एक मजकूर मराठी ग्रुपांवरून फिरतोय. वर ठळक अक्षरांत "अखेर अमेरिकेने कबूल केले!", मग चार-पाच दावे, दोन फोटो आणि शेवटी "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा". इकडून तिकडून येत होता तोवर मी डिलीट करून मोकळा होत होतो. परवा तो घरच्या ग्रुपवर आला आणि पाठवणारे कोण, तर आमचे काका. काकांची उभी हयात जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून गेली. साक्षीदार "मला अमक्याने सांगितलं" म्हणाला की समोरचा वकील कसा ताडकन उठतो, याची नक्कल त्यांनी आम्हाला जेवणाच्या पानावर कितीदा करून दाखवली आहे. त्या माणसाने खाली लिहावं, "शपथेवर सांगितले आहे, आता तरी विश्वास ठेवा"? राहवलं नाही, म्हणून हे.

मजकूर थोडक्यात असा: सीआयएचा माजी प्रमुख आणि पेंटागॉनच्या यूएफओ विभागाचा संचालक असलेल्या अधिकाऱ्याने अमेरिकेच्या संसदेत शपथेवर सांगितलं की सरकारकडे परग्रहावरची यानं आणि मृतदेह आहेत. सरकारच्याच महानिरीक्षकांनी चौकशी करून ते खरं ठरवलं. फोटो सोबत जोडले आहेत. हे सगळं 80 वर्षं दडपलं गेलं. आणि आपल्या ऋषींना ते आधीपासूनच ठाऊक होतं.

"सीआयएचा प्रमुख, यूएफओ विभागाचा संचालक"

असा माणूसच नाही. दोन माणसं कालवून एक बनवलाय. शपथेवर साक्ष दिली म्हणून गाजला तो डेव्हिड ग्रश. हा हवाई दलातला माजी गुप्तचर अधिकारी. पुढे टेहळणी उपग्रह सांभाळणाऱ्या एनआरओ या संस्थेतर्फे 2019 ते 2021 या काळात पेंटागॉनच्या यूएफओविषयक कार्यगटावर होता. दुसरा लुइस एलिझोंडो, लष्करातला माजी प्रतिहेर (शत्रूच्या हेरांवर नजर ठेवणारा) अधिकारी. 2017 साली राजीनामा देऊन तो बाहेर पडला आणि आपण पेंटागॉनचा गुप्त यूएफओ कार्यक्रम चालवत होतो असं सांगू लागला. सीआयएचा प्रमुख या दोघांपैकी कोणीच नव्हता.

एलिझोंडोच्या हुद्द्याबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागतं. पेंटागॉनचं म्हणणं, त्या कार्यक्रमाची कोणतीही नेमून दिलेली जबाबदारी त्याच्याकडे नव्हती. पण ज्यांनी त्यासाठी पैसा मंजूर करून घेतला ते सिनेटर हॅरी रीड यांनी 2021 मध्ये लेखी दिलं की तो त्यात प्रमुख भूमिकेत होता. कार्यक्रमही खरा आणि त्यावर गेलेले सुमारे 2.2 कोटी डॉलरही खरे. कंत्राट मिळालं रीड यांच्या ओळखीतले उद्योगपती रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीला, आणि त्यातून युटामधल्या एका माळरानावरच्या भुताटकीचाही तपास झाला. हे फॉरवर्डमध्ये येत नाही. का, ते कळतंच.

"शपथेवर सांगितले"

काका, इथे जरा थांबा.

26 जुलै 2023 रोजी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे ग्रशची साक्ष झाली. सुरुवातीच्या निवेदनातच त्याने सांगितलं की आपली साक्ष इतरांनी दिलेल्या माहितीवर आधारलेली आहे. चार वर्षांत 40 हून अधिक लोकांशी बोललो, असं तो म्हणाला. समितीतल्या सदस्य नॅन्सी मेस यांनी त्या यानांच्या वैमानिकांच्या मृतदेहांबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर आलं: काही अवशेषांबरोबर जैविक अवशेषही मिळाले, ते मानवी नव्हते, आणि हे मत त्या कार्यक्रमाची थेट माहिती असलेल्या, मी ज्यांच्याशी बोललो त्या लोकांचं आहे. तुम्ही स्वतः मृतदेह पाहिलेत का, असंही विचारलं गेलं. मी स्वतः पाहिलेले नाहीत, असं तो म्हणाला.

सगळी साक्ष चाळली तरी "मी पाहिलं" असं परग्रहाच्या यानाबद्दल किंवा मृतदेहाबद्दल कुठे सापडत नाही. सगळं "मला सांगण्यात आलं". सांगणाऱ्यांची नावं बंद दाराआड देईन, म्हणाला. दिली असतील, मला त्यात शंका घ्यायची नाही. पण ज्या चाळिसांनी सांगितलं त्यांतला एकही त्या दिवशी शपथ घेऊन समोर बसला नव्हता, म्हणजे त्यांची उलटतपासणी नाही. शपथेने एवढंच बांधलं जातं की साक्षीदार जाणूनबुजून खोटं बोलणार नाही. त्याला सांगणाराच चुकला असेल तर शपथ काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काका, दोन एकर बांधाच्या दाव्यात तुमच्या साहेबांनी जो पुरावा लिहूनही घेतला नसता, तो तुम्ही परग्रहवासीयांसाठी ग्राह्य धरताय.

या सांगोवांगीचा माग काढायचा प्रयत्न झालेला आहे. पेंटागॉनमध्ये 2022 पासून यूएफओच्या नोंदी तपासणारं एएआरओ नावाचं कार्यालय आहे. त्याने 1945 पासूनच्या सरकारी चौकशांचा आणि अशा दाव्यांचा इतिहास तपासून 8 मार्च 2024 रोजी अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे 30 जणांच्या मुलाखती घेतल्या. ज्या "गुप्त" कार्यक्रमांकडे साक्षीदारांनी बोट दाखवलं, ते एकतर अस्तित्वातच नव्हते किंवा खरोखर गुप्त असले तरी परग्रहाशी त्यांचा संबंध नव्हता. कोसळलेल्या यानाचा म्हणून सांगितला जाणारा धातूचा तुकडा तपासला, तर निघाला पृथ्वीवरच बनलेला मॅग्नेशियमचा मिश्रधातू.

सगळ्यात बोलका प्रकार "कोना ब्लू"चा. बिगेलोंच्या कंत्राटाचा पैसा थांबल्यावर त्याच गोटातल्या लोकांनी अंतर्गत सुरक्षा खात्यापुढे एक प्रस्ताव मांडला: परग्रहाची यानं आणि अवशेष हाती येतील, ते ठेवायला नि अभ्यासायला एक गुप्त कार्यक्रम हवा. यानं सरकारजवळ आहेतच, हे प्रस्तावात गृहीत धरलेलं. खात्याने प्रस्ताव फेटाळला. एकही वस्तू कधी कुठे आली नाही. पण पुढे मुलाखतींमध्ये लोक याच "कोना ब्लू"चं नाव घेऊन सांगू लागले की असा गुप्त कार्यक्रम आहे. म्हणजे मागणीचा अर्जच पुरावा झाला! अहवालाचा निष्कर्ष असा की ठराविक लोकांचा एक गट वर्षानुवर्षं हीच गोष्ट एकमेकांना सांगत आलाय. फिरून फिरून भोपळे चौकात.

यावर काकांचं उत्तर मला माहीत आहे: एएआरओ पेंटागॉनचंच ना? आहे. आरोपीनेच पंचनामा लिहिला असं कोणी म्हटलं तर मी तोंड बंद करू शकत नाही. ग्रशची जबानीही त्यात नाही. कार्यालय म्हणतं बोलावूनही आला नाही, तो कार्यालयाकडेच बोट दाखवतो. पण अहवालावर विश्वास ठेवू नका म्हटलं तरी ग्रशच्या हातात काही नवीन येत नाही. तो जिथे होता तिथेच राहतो, दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींपाशी.

"महानिरीक्षकांनी खरे ठरवले"

हे सगळ्यात चलाख वाक्य आहे, कारण त्यात खऱ्याची एक काडी आहे. ग्रशने 2022 मध्ये गुप्तचर यंत्रणांच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षकांकडे तक्रार दिली होती आणि ती "तातडीची आणि विश्वासार्ह" ठरली होती. मात्र कोणती तक्रार? ते सांगणारं निवेदन जून 2023 मध्ये त्याची बाजू सांभाळणाऱ्या वकिलांच्या संस्थेनेच काढलं. विश्वासार्ह ठरलं ते "काही माहिती काँग्रेसपासून (म्हणजे अमेरिकेच्या संसदेपासून) अयोग्यरीत्या दडवली गेली" हे म्हणणं. ग्रश आता जाहीरपणे जे बोलतोय त्याचा तपशील त्या तक्रारीत नव्हताच, आणि दडवलेल्या माहितीत काय आहे याबद्दल आमची काहीही भूमिका नाही, असं वकिलांनी स्वच्छ लिहिलं.

स्वतःचे वकील जिथून हात झटकून बाजूला झाले, तिथे आपले फॉरवर्डवाले खांदा द्यायला उभे! सकृतदर्शनी तथ्य दिसतं म्हणून तक्रार दाखल करून घेणं आणि निकाल लागणं यांतला फरक काकांना मी समजवायचा?

"फोटो सोबत जोडले आहेत"

पहिला फोटो काचेच्या पेटीतल्या तीन बोटांच्या छोट्या सुकलेल्या देहाचा. तो वॉशिंग्टनचा नाहीच, मेक्सिकोचा आहे. 12 सप्टेंबर 2023 रोजी हाइमे मौसान या पत्रकाराने मेक्सिकोच्या संसदेत असल्या दोन पेट्या आणून उघडल्या. त्या बैठकीला रायन ग्रेव्हज हा अमेरिकी नौदलाचा माजी वैमानिक हजर होता. जुलैमध्ये ग्रशच्याच बरोबरीने साक्ष दिलेला हा माणूस. त्यानेही नंतर हा पुराव्याविना केलेला तमाशा असल्याचं सांगून हात वर केले. पुढे लिमाच्या विमानतळावर तशाच दोन बाहुल्या जप्त झाल्या. पेरूच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जानेवारी 2024 मध्ये सांगितलं की त्या प्राण्यांची हाडं आधुनिक गोंदाने चिकटवून केल्या आहेत.

दुसरा फोटो त्याहून गोड आहे. विमानाच्या खिडकीतून काढलेला. खाली रुक्ष जमीन, तिच्यावर एक फिकट चकती आणि शेजारी तेवढीच काळपट चकती, जणू पहिलीची सावली. मे 2025 मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका कार्यक्रमात एलिझोंडोने तो दाखवला. एका खासगी वैमानिकाने 21,000 फुटांवरून काढलाय, वस्तूचा व्यास 600 ते 1,000 फूट असावा, असं सांगून. लोकांनी उपग्रहाचे नकाशे उघडून जागा शोधून काढली. ती शेतं होती. तिथे मधोमध विहीर आणि तिच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरत पाणी फवारणारा लांबलचक पाइप असतो, त्यामुळे शेतच गोल होतं. एका गोलात पीक उभं, दुसरा मोकळा. झाली तबकडी आणि झाली तिची सावली! फोटो मी तपासलेला नव्हता, असं एलिझोंडोने नंतर सांगितलं. आदल्याच वर्षी रोमानियावरचं प्रचंड यान म्हणून त्याने दाखवलेला फोटो खोलीतल्या दिव्याचं काचेतलं प्रतिबिंब निघाला होता. गुप्तचर खात्यात उमेदवारी केलेला माणूस, आणि काच पुसून पाहायचं सुचलं नाही.

"ऋषींना ठाऊक होते"

भरद्वाजांच्या नावावर खपवलं जाणारं वैमानिकशास्त्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 मध्येच तपासलं. ग्रंथ 1900 नंतरचा आणि त्यातली एकही रचना उडू शकत नाही, हा निकाल. पुढे.

"80 वर्षे दडपले"

दडपलं, हे खरंय. फक्त काय दडपलं ते पाहा. 1947 मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेलला पडलेल्या वस्तूला लष्कराच्या हवाई दलाने हवामानाचा फुगा म्हटलं होतं. ते सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज टिपायला वर सोडलेले "मोगल" प्रकल्पाचे फुगे होते, हे 1994 मध्ये बाहेर आलं. 1955 पासून यू-2 ही टेहळणी विमानं 60,000 फुटांच्याही वर उडायला लागली. संध्याकाळी खाली अंधारून आलेलं असताना वरच्या उन्हात ती चमकायची आणि प्रवासी विमानांचे वैमानिक तबकड्यांच्या तक्रारी करायचे. चौकशी अधिकाऱ्यांना खरं कारण माहीत असायचं. लोकांना मात्र बर्फाचे कण, तापमानाचे थर असलं काहीतरी सांगून वाटेला लावलं जाई. अशा सरकारवर कोणी विश्वास ठेवत नसेल तर त्याला दोष देता येत नाही. एएआरओच्या नोव्हेंबर 2024 च्या वार्षिक अहवालात आलेल्या 757 नोंदींपैकी 21 पुढे अभ्यासण्याजोग्या आहेत, हेही लपवायचं कारण नाही.

पण खरा नमुना जून 2025 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापला. अमेरिकी हवाई दलात कित्येक दशकं एक रीत चालली होती. अतिगुप्त कामावर नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला तबकडीसारख्या वस्तूचा फोटो असलेला कागद दाखवायचा, हिचं तंत्र उलगडणाऱ्या "यँकी ब्लू" कार्यक्रमात तुला घेतलंय असं गंभीर चेहऱ्याने सांगायचं, आणि याबद्दल कुठे तोंड उघडायचं नाही अशी ताकीद द्यायची. सगळं बनावट, नवख्यांची फिरकी घ्यायला. 2023 मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाने लेखी हुकूम काढून ते बंद केलं. ही थट्टा होती हे त्यांतल्या अनेकांना कधी कळलंच नाही. बायकोलाही न सांगता ते निवृत्त झाले. त्यांच्यापैकी कोणाला उद्या उपसमितीपुढे उभं केलं, तर तबकडीची फाइल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असं तो शपथेवर सांगेल, काका. आणि खोटं बोलत नसेल.