तो कोलेस्टेरॉलवाला मेसेज वाचून गोळी बंद करू नका प्लीज

पुन्हा फिरतोय तो मेसेज. त्यात म्हटलंय की अमेरिकेने 2015 मध्येच कोलेस्टेरॉल धोक्याच्या यादीतून काढलं, आजोबा तूप खाऊन नव्वद वर्षं जगले, बारीक माणसाला हार्टचं टेन्शन नाही आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, हा कंपन्यांचा धंदा. हे वाचून लोक खरंच गोळी सोडतात म्हणून एकेक मुद्दा घेते.

2015 चं अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. तिथल्या 2015 ते 2020 च्या आहार मार्गदर्शनातून जेवणातल्या कोलेस्टेरॉलची रोजची 300 मिलिग्रॅमची मर्यादा काढली, म्हणजे अंड्याचा बलक वगैरे, ताटातलं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कितीही वाढू दे असं कुणीही म्हटलेलं नाही. उलट तूप, लोणी, पाम तेल यातल्या सॅच्युरेटेड फॅटवरची रोजच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांची मर्यादा त्याच कागदात तशीच आहे, आणि जेवणातून एलडीएल चढतं ते मुख्यतः त्याने, कारण मग लिव्हर रक्तातून एलडीएल नीट उचलत नाही.

आजोबांचं काय, तर जे जगले तेच आपल्याला आठवतात. पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेल्या चुलत आजोबांचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता बारीक माणूस. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण आपल्याकडेच तो सगळ्यात चुकीचा आहे. 52 देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियात पहिला अटॅक साधारण 53 व्या वर्षी आला, बाकी देशांत 59 च्या आसपास. आणि हे नुसतं नशीब किंवा जीन्स नाही, तंबाखू, बीपी, शुगर, पोट आणि वाईट कोलेस्टेरॉल हे सगळं आपल्याकडे लवकर सुरू होतं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे कितीतरी लोक आहेत. म्हणून आपल्यासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 पासूनच जास्त धरतात, आणि कंबर पुरुषांची 90 सेंटीमीटर, बायकांची 80 झाली की सावध व्हायचं. शिवाय लायपोप्रोटीन ए नावाचा एलडीएलसारखाच रक्तातला प्रकार आहे, तो बहुतेक जन्मतःच ठरतो, डाएटने फारसा हलत नाही, त्यामुळे घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर आयुष्यात एकदा तरी ती टेस्ट करून घ्याच. आणि अमेरिकेचंच ऐकायचं असेल तर तिथल्या 2018 च्या कोलेस्टेरॉल गाइडलाइनमध्ये दक्षिण आशियाई असणं हेच धोका वाढवणारं कारण म्हणून लिहिलंय.

राहिला धंदा. अटोरव्हास्टॅटिन या नेहमीच्या स्टॅटिनचं पेटंट कधीच संपलं, जनऔषधी दुकानात ती स्वस्तात मिळते. एलडीएल साधारण 39 ने (रिपोर्टमधल्या mg/dL मध्ये) उतरलं की अटॅक-स्ट्रोकचा धोका अंदाजे पाचव्या हिश्शाने कमी होतो, हे अनेक मोठ्या ट्रायल एकत्र करून दिसलंय. गोळीने शुगर थोडी वाढू शकते, हे खरं आहे. अंगदुखीही होते काहींना, पण ट्रायलमध्ये नकली गोळी घेणाऱ्यांनीही जवळपास तितकीच सांगितली होती. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, प्रेग्नन्सीचा विचार असेल तर तेही आधीच सांगा. पण स्टेंट बसलेल्या माणसाने मेसेज वाचून परस्पर गोळी थांबवणं फार धोक्याचं आहे, तुमच्या घरात कुणी थांबवली असेल तर आजच विचारा त्यांना.