नऊ वाजताच्या माणसाचं तिखलं

आमच्या घरात रोज रात्री नऊ वाजता एक माणूस येतो आणि दहा वाजेपर्यंत ओरडतो. त्याचं नाव घेत नाही, कारण घेतलं की वाडीत दोन तट पडतात आणि मला चहाचं आधण तीनदा ठेवावं लागतं.

माझे सासरे अप्पा त्याचे भक्त. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचायचं तर नुसतं बोलून भागत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक. म्हणून तो स्टुडिओतला माणूस दोन हातांवर बसलेल्या पाहुण्यावर एवढा का खेकसतो, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. "तो खरा बोलता, म्हणान आरडता," एवढंच म्हणतात. शेजारचे बापू त्याचे वैरी. पण वैर निष्ठेने करतात. स्वतःच्या पैशाने त्याला बघणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून पावणेनऊलाच आमच्या पडवीत येऊन बसतात आणि तासभर त्याला शिव्या घालतात. अप्पांचा मध्येच डोळा लागतो. बापूंचा कधी लागलेला नाही.

जुलैत एका सकाळी बापू छत्री मिटता मिटता म्हणाले, "परवा त्या मेल्याचो वाडदिवस."

अप्पांचा चेहरा उतरला. वैऱ्याला तारीख माहीत आणि आपल्याला नाही! पण माणूस कंडक्टर; सुट्टे नसले तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. "माका म्हायत आसा," ते म्हणाले, "बेत ठरलेलो आसा आमचो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठरलेला बेत म्हणजे मी.

आधी केक निघाला. बाजारातला बेकरीवाला केकवर फोटो छापून देतो. पण सासूबाईंनी तो पहिल्या फटक्यात उडवला. "दुसऱ्याच्या झिलाच्या तोंडात सुरी घालूक माका जमाचा नाय," त्या म्हणाल्या, आणि यावर अप्पांकडेही उत्तर नव्हतं. मग ठरलं की पदार्थ त्याच्या स्वभावाला साजेसा हवा. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. पदार्थाचे गुणधर्म वर्गात विचारणं वेगळं आणि सासऱ्यांच्या दैवताचे गुणधर्म पदार्थात उतरवणं वेगळं. मी सोलकढी सुचवली. "थंड करता ती," अप्पांनी नापास केली. मोदक फार गोड. घावणे मऊ. आंबोळी म्हटल्यावर बापू एकदम उठून बसले, "आंबोळीच कर गो बाय! त्येच्या बोलण्यासारखीच, भोकाच भोका!" त्याबरोबर आंबोळी राजकीय झाली आणि बाद झाली.

मसाल्याच्या डब्याकडे बघत मी विचार करत बसले. त्या माणसाच्या पडद्यावर चौकोनात बसवलेले पाहुणे असतात, तशाच या वाट्या. मोहरी कुणी विचारायच्या आत तडतडते. हळद प्रत्येक विषयात असतेच. जिरं बिचारं काहीतरी मुद्द्याचं सांगू पाहतं, तोवर करपलेलं असतं.

"तिखला कर," आतून सासूबाई म्हणाल्या.

अप्पा खूश. नावातच तिखट! बापूही खूश, त्यांना फुकट जेवण. अडचण एवढीच, की तिखलं बांगड्याचं, आणि जून-जुलैत मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झोपलेल्या. श्रावण चार दिवसांवर, त्यामुळे बर्फातला मासाही सोन्याच्या भावाने. शेवटी आगोटीच्या बेगमीतले खारे बांगडे माळ्यावरून उतरले. ते मी पाण्यात घातले, पाणी बदललं, पुन्हा घातले. वासाने घरातलं मांजर सात्त्विक राहिलं नाही. मिरच्या दोन जातींच्या भिजवल्या, ब्याडगी रंगाला आणि लवंगी जाळाला. त्या माणसाकडेही लालीचा आणि आगीचा पुरवठा वेगवेगळ्या ठिकाणांहून होत असावा, असं मला पूर्वीपासून वाटतं. आंबटाला आमसुलं. आणि तिरफळं.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. तिरफळ हे काटेरी झाडाचं मिरीपेक्षा थोडं मोठं फळ. वाळलं की उकलतं. आतली काळी बी टाकायची आणि साल घ्यायची. चीनच्या सिचुआनमधली तोंड बधिर करणारी मिरी याचीच चुलत बहीण. तिखटाने जीभ भाजते, तिरफळाने ती मुंग्या येऊन झोपते. म्हणून रस्स्यात पाच-सहाच घालायची, नुसती ठेचून, आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवायची.

सासूबाईंनी मूठभर घेतली आणि मिरच्यांबरोबर पाट्यावर गंधासारखी वाटली.

"आई, एवढी?"

"वाडदिवस वरसातना एकदाच येता," त्या म्हणाल्या. वरवंटा थांबला नाही.

रात्री पावणेनऊला असा पाऊस कोसळला की समोरचा माड दिसेना. पडद्यावर निळी पाटी आली, सिग्नल नाही. छपरावरच्या त्या थाळीत येणाऱ्या लहरी साधारण 12 गिगाहर्ट्झच्या, लांबीला जेमतेम अडीच सेंटिमीटर. पावसाचे टपोरे थेंब त्यांना वाटेतच पितात आणि उधळतात. हे मी पडवीत समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. बापू चार वेळा उठून टीव्हीच्या मागे डोकावून आले. "सुरू झालो काय तो?" त्यांचा जीव अप्पांपेक्षा जास्त वरखाली होत होता.

वाट बघण्यात नैवेद्य थंड होईल म्हणून अप्पांनी गाऱ्हाणं घालायला घेतलं. हात जोडून, पाटावर उभे राहून.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"आज तुज्या लेकरान टीवीवरच्या त्या झिलाचो वाडदिवस केल्लो हा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या मागे कोर्टाची, नोटिशीची काय इडापिडा आसात, ती वाटेक लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात बापूंचाही आवाज होता. सवय. मग त्यांनी जीभ चावली.

अप्पा बसणार, तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "आनि रातचे नव ते धा आमच्या कानांक वायच सुख दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असं मी एवढ्या जोरात ओरडले की मांजर वळचणीला पळालं.

जेवणं सुरू झाली. तिखलं अप्रतिम होतं, हे कबूल करते. खाऱ्या बांगड्याला आमसुलाने जरा नमवलं होतं आणि भात संपत होता. तिसऱ्या घासाला अप्पांनी ओठांना बोट लावून ते जागेवर आहेत का बघितलं. बापूंनी वाटीभर रस्सा भुरकून संपवला होता आणि आता ते जीभ बाहेर काढून हवेत धरून बसले होते. ताटाच्या कडेला काढायला तिरफळं होतीच कुठे?

नऊ पंचवीसला पाऊस ओसरला. पडदा लखलखला आणि तो माणूस अर्ध्या वाक्यातून, पूर्ण आवाजात घरात शिरला. अप्पांनी हात वर करून काहीतरी गौरवपर म्हटलं. "थो थरा थोलता," असं ऐकू आलं. बापूंनी त्याला तोडीस तोड शिवी दिली असावी, पण तिच्यात एकही व्यंजन शिल्लक नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि रिमोटकडे. मी आवाज बंद केला. कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे घेता आली नाही. वळचणीचं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. पडद्यावर तो एकटाच बोट नाचवत होता.

सासूबाईंनी ताटं उचलली. मग तिरफळांची बरणी पुसून आणली. ती माळ्यावर जाते. त्या दिवशी त्यांनी ती टीव्हीच्या शेजारी, रिमोटच्या जागेवर ठेवली.