घागरीवरचा पिंगळा

जलरंगाचा कागद काय भावाने मिळतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. 300 ग्रॅमचा, सुती लगद्याचा कागद मागितला की जळगावातला दुकानदार आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग चपलांकडे. पुण्याहून मुलाने वीस ताव आणून दिले होते, ते पाच महिन्यांत उडवले. त्यातून ओळखू येण्याजोगे पक्षी निघाले तीन. बाकीचे हिने डब्यांखाली अंथरले. अजून तुरीच्या डाळीचा डबा उचलला की खालून बगळा डोकावतो.

मग मी म्हटलं, कागद हवाच कशाला? अजिंठा आपल्यापासून दीड तासावर. दोन नंबरच्या लेण्यात छतावर हंसांची रांगच्या रांग आहे, ती काय कागदावर काढली? मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग.

ही म्हणाली, "त्यांच्याकडे डोंगर होता. तुमच्याकडे माझं घर आहे."

सुरुवात केळीच्या पानाने केली. जिल्ह्यात दुसरं काही फुकट मिळत नाही. पण केळीचं पान जन्मतःच मेण लावून येतं. पोपटाची चोच मी पानाच्या मध्यावर ठेवली, ती घरंगळत देठाशी जाऊन थांबली. कुठेतरी वाचलं होतं, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला. रंग पानाला धरला खरा, पण इतका पसरला की पोपटाचा मोर झाला. आणि तोही हिरव्यावर हिरवा. शेजारच्या शेळीने तो शेपटीकडून खाल्ला.

नंतर वृंदावन. पाडव्याला नुकताच चुना दिलेला, पांढराशुभ्र. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, खालचा कागदच पांढरा म्हणून सोडायचा असतो. म्हणजे बगळा हा न काढता काढावा लागतो. (हे हिला समजावताना माझा अर्धा दिवस गेला. "मग तर भिंतभर बगळेच आहेत," असं तिचं म्हणणं.) तर त्या चुन्यावर मी खंड्या काढला. पाठीला प्रशियन निळा. देखणा दिसला हो! गल्लीतले दोघे-तिघे थांबून बघून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाठ तपकिरी. तो निळा रंग असतो लोखंडाचा, आणि ताज्या चुन्याची क्षारता त्याला मुळीच सोसत नाही. निळेपणा फुटतो आणि मागे उरतो तो लोखंडाचा तांबूस अंश. थोडक्यात माझा खंड्या गंजला. पोट मुळातच तपकिरी, आता पाठही. शेजारचे नाना म्हणाले, "साळुंकी बरी जमली."

पण खरा प्रसंग आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. आदल्या दिवशी मायने कुंभाराकडून नवी घागर आणवली. दुपारी सगळे झोपलेले, पारा 43 वर, आणि ती कोरी करकरीत घागर ओट्यावर माझ्याकडे बघत बसलेली. आता घागरीवर काढायचं ते आपल्या मुलखाचं असावं. आपल्या खानदेशाचा पक्षी कोणता? रानपिंगळा! 1884 नंतर तो कुणाला दिसलाच नव्हता, नामशेष झाला म्हणून सोडून दिलेला. मग 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकेहून आलेल्या पक्षितज्ज्ञांना तो आपल्या शहाद्याजवळ सापडला. दिवसाउजेडी, झाडावर, मजेत. आपली माणसं त्या झाडाखालून रोज बैलगाडी घेऊन जात असतील.

घागर रंग पिते. कागदाला सरसाचा हात दिलेला असतो म्हणून रंग वर थांबतो, फिरवायला सवड देतो. घागरीवर कुंचला टेकला की संपलं, जिथे टेकला तिथे कायमचा. त्यात ते ऊन. पाण्यात बुडवलेला कुंचला घागरीपर्यंत पोचेस्तोवर वाळायचा. पोटाचा पांढरा कुठून आणणार? तो सोडायला खाली पांढरं हवं, घागर तर तांबडी. शेवटी रांगोळी कालवून लावली. डोळे पिवळे हवेत, तेही चमकते, म्हणून नंबरप्लेटसाठी आणलेला पिवळा ऑइलपेंट अडगळीतून काढला. तीन तास खपलो. झाल्यावर मागे सरून पाहिलं आणि खरं सांगतो, मलाच दचकायला झालं.

माय उठली. घागरीपुढे उभी राहिली.

"हे काय रे चितारलं?"

"रानपिंगळा, माय. फार दुर्मिळ आहे."

"घुबड! पितरांच्या घागरीवर घुबड! तुझे आबा दारातूनच परत फिरतीन!"

रात्री दुसरी घागर मिळेना. सणाची गर्दी, सगळी संपलेली. शेवटी पिंगळ्याचं तोंड भिंतीकडे करायचं असं ठरलं. सकाळी पाटावर घागर मांडली, पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं.

आता घागरीत पाणी गार का होतं, हे मी शाळेत शिकलोय. मातीच्या बारीक छिद्रांतून ते पाझरतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. आणि जलरंग काय धरून ठेवतं? डिंक. डिंकाला पाणी लागलं की तो पुन्हा सुटतो, मग रंग आज लावलेला असो की दहा वर्षांपूर्वी. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. फक्त दोन्ही एकाच वेळी कधी आठवल्या नव्हत्या.

नैवेद्य दाखवेपर्यंत घागरीखालून तपकिरी ओघळ निघाला. पाटावरून खाली आला, सांजोऱ्यांच्या ताटाला वळसा घालून आबांच्या फोटोपर्यंत गेला. माय हात जोडून डोळे मिटलेली, म्हणून वाचलो. हिने पदराने ओघळ पुसला, घागर जरा फिरवून पाहिली. पंख नाहीत, पोट नाही, चोच नाही.

"एकशे तेरा वर्षं कुणाला दिसला नाही म्हणता ना," ती हळूच म्हणाली, "आपल्याकडे तर एक रात्र दिसला."

डोळे मात्र होते. ऑइलपेंटचे, पिवळे, वटारलेले. मळकट तांबड्या घागरीवर नुसते दोन डोळे.

ती घागर घरात ठेवायला माय तयार नाही, फोडायची तर पितरांची. म्हणून गच्चीवर गेली. गच्चीवर तेव्हा बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते. दरवर्षी त्यांच्याशेजारी काठी घेऊन कुणीतरी बसावं लागतं, म्हणजे मीच. यंदा चार दिवस झाले, एक कावळा फिरकला नाही, चिमणी नाही. ही रोज वर जाऊन बिबडे मोजते आणि खूश होऊन खाली येते.

काल तिचा भाऊ यावलहून आला होता, घागर पाहून गेला. जाताना म्हणाला, "भाऊजी, शेतात ज्वारीला दोन पाहिजेत. घागरी मी आणतो."

मी लगेच कुंचले काढले. कोणता पक्षी काढू, शिक्रा की गरुड, विचारत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, तुम्ही फक्त डोळे काढा."