जेवत नाही म्हणून दूध, का दूध पितंय म्हणून जेवत नाही?

तो मेसेज परत फिरायला लागलाय. मागच्या वर्षी पण आला होता, आणि आता आमच्या वन्संनी मला पाठवलाय, खाली एकच ओळ, "वहिनी, हे खरं काय?" त्यांचा पोरगा चौदा महिन्यांचा, भाताचं शीत तोंडात गेलं तरी जिभेनं बाहेर ढकलतोय, घरात रोज दुपारी महाभारत, त्यामुळं असलं काही आलं की माणूस लगेच धरून बसतो. मेसेज वाचला नसेल तर थोडक्यात सांगते: मूल जेवत नसेल तर काळजी करू नका, दूध पूर्णान्न आहे, दिवसाला लिटरभर पोटात गेलं की बास. वर्ष झालं की आईच्या दुधात काही राहत नाही, तोडून टाका. दोन वर्षांपर्यंत घट्ट पचत नाही, डाळीचं पाणी आणि पेजच द्या. एखादी वस्तू दोनदा थुंकली तर ती त्याला आवडत नाही, सोडून द्या. दूध नको म्हणाला तर चॉकलेट पावडर घाला. तरीपण खाईना तर जंत झालेत. शेवटी हात जोडलेले दहा इमोजी आणि "प्रत्येक आईपर्यंत पोचवा".

मी डॉक्टर नाही. पण ह्यातली पहिली ओळ मी आठ महिने पाळलेली आहे, म्हणून बोलते.

"दूध पूर्णान्न आहे, लिटरभर गेलं की बास."

सगळी गोची इथंच आहे म्हणून ह्याच्यावर जास्त लिहिणार. आमच्याकडं गवळी म्हशीचं दूध घालतो, तापवलं की बोटभर साय. माझा मुलगा वर्षाचा झाला तेव्हापासून दिवसाला चार बाटल्या, अडीचशेच्या, म्हणजे बरोब्बर लिटर. सासूबाई खूश, शेजारची आक्का खूश, पोरगं गुबगुबीत आणि गोरंपान. ते गोरेपण नव्हतं, फिकटपणा होता, हे कळायला त्याला वीस महिने पूर्ण व्हावे लागले. तापाचं निमित्त झालं, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. ह्या वयात ११ च्या आसपास तरी पाहिजे. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तळहात बघितले आणि एकच प्रश्न विचारला, दूध किती? मी अभिमानानं सांगितलं, लिटर. ते हसले आणि कानडीत म्हणाले, "हालु जास्ती आत री." दूध जास्त झालंय, एवढंच. मी तर कमी पडतंय काय म्हणून टॉनिक विचारायच्या तयारीत होते.

आता हिशोब बघा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. म्हशीच्या लिटरभर दुधात जवळजवळ तेवढ्याच असतात. म्हणजे दुपारी बारा वाजता तुम्ही वरणभात घेऊन त्याच्या मागं पळताय तेव्हा त्याचं निम्मं पोट सकाळीच भरून झालेलं असतं, आणि उरलेलं भरायला संध्याकाळची आणि रात्रीची बाटली ठरलेलीच आहे. ते का म्हणून भाकरी चावेल? तुम्हाला कुणी श्रीखंडाचं जेवण वाढून लगेच पिठलं वाढलं तर खाल काय? आणि आपण म्हणतो, जेवतच नाही ओ, दुधावरच जगतोय, म्हणून अजून एक बाटली. हे चक्र आपणच फिरवतो.

दुसरं, लोह. ह्या वयाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था, सांगते. लिटरभर दुधात जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम असतं आणि दुधातल्या कॅल्शियममुळं बाकीच्या अन्नातलं लोह पण नीट अंगी लागत नाही. म्हणजे पोट भरलं, वजन वाढलं, रक्त मात्र नाही. ही काय माझ्या एकटीच्या घरची गोष्ट नाही, एनएफएचएस-५ ह्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यात देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली. सगळ्यांना दूधच कारण आहे असं मी म्हणत नाही, गरिबी आहे, जंत आहेत, बाळंतपणात आईचंच रक्त कमी असतं. पण खाऊन-पिऊन सुखी घरातलं गुबगुबीत पोर त्यात सापडलं की आधी बाटली मोजा. आणि जास्त दुधानं शी खड्यासारखी घट्ट होते, पोट तटतटतं, मग भूक अजून मरते, हे वेगळंच.

मग किती द्यायचं? वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली, दोन पेले, त्यात दही पण धरा. कॅल्शियमची जी ५०० मिलिग्रॅमची गरज आहे ती तेवढ्यात भागतेच. साधं गाईचं किंवा म्हशीचं चालतं, पाणी घालायची गरज नाही. आणि वर्षाच्या आत हे दूध मुख्य अन्न म्हणून नकोच, आईचं नसेल तर डॉक्टरांना विचारून फॉर्म्युला, म्हणजे बाळांसाठीची डब्यातली दूध पावडर.

कोणीतरी लगेच म्हणणार, मग सरकार अंगणवाडीत दूध का देतंय? देतंय की, आपल्या कर्नाटकात क्षीरभाग्य योजना २०१३ च्या ऑगस्टपासून चालू आहे, पण ते माप १५० मिलीचं आहे, आणि जेवणासोबत आहे, जेवणाच्या बदल्यात नाही. सरकारी पेल्यात पण मापात दूध आहे, आमच्या घरातच नव्हतं.

कमी कसं केलं ते सांगते, कारण फॉरवर्ड विचारणाऱ्याला खरं तर तेच पाहिजे असतं. एकदम बंद केलं नाही. आधी मध्यरात्रीची बाटली धरली, दर दोन दिवसांनी तीस मिली कमी, शेवटी पाणी. झोपेत दूध तोंडात राहून पुढचे दात किडतात, म्हणून ती तर जायलाच पाहिजे होती. मग दिवसाची बाटली जाऊन स्टीलचा छोटा पेला आला, अर्धं अंगावर सांडायचं, सांडू दिलं. जेवणाच्या आधी दोन तास दूध नाही, दूध जेवणानंतर. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यानं घर डोक्यावर घेतलं आणि सासूबाई मला म्हणाल्या, "लेकराला उपाशी मारालीस काय गं?" त्यांचं पण चूक नाही, त्यांच्या डोळ्यासमोर पोर रडतंय. दहाव्या-अकराव्या दिवशी मामंजी जेवायला बसलेले, ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, हा त्यांच्या ताटाशी जाऊन उभा राहिला आणि त्यातला घास स्वतः उचलून खाल्ला. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पुढं गेलेच नाही, म्हटलं आपण गेलो की बिघडणार.

रक्त काही नुसत्या भाकरीनं वाढलं नाही, डॉक्टरांनी लोहाचं औषध तीन महिने दिलं होतं. जोडीला नाचणीची आंबील, मोडाचे मूग, पालेभाजी, आठवड्यातून तीन-चारदा अंडं, रविवारी मटणाचा बारीक खिमा, आणि वर लिंबू पिळायचं कारण त्यानं लोह शोषलं जातं. गुळानं रक्त वाढतं हे मी पण ऐकलेलं, पण एवढ्या पोराला किती गूळ घालणार, त्यातून मिळतं ते फार नाही. आणि एक आपल्या भागातली वाईट सवय, पोराला चहात बटर, म्हणजे बेकरीतला कडक पाव, बुडवून द्यायचं. चहातले घटक लोह धरून ठेवतात. आमच्याकडं आजोबांच्या बशीतून रोज हे चाललेलं, मला महिनाभर पत्ता नव्हता.

"वर्ष झालं की आईच्या दुधात काही राहत नाही."

राहतं. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, दोन वर्षं आणि त्यापुढंही, आई आणि बाळाला पाहिजे तोवर चालू ठेवा म्हणते. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ पण तेच सांगतात. सहा महिन्यांनंतर ते एकटं पुरत नाही, वरचं अन्न जोडीला पाहिजे, एवढंच त्यातलं खरं. तोडायचं असेल तर तोडा, नोकरी असते, अंग दुखतं, तो आईचा प्रश्न आहे, पण "पाणी झालंय" म्हणून तोडू नका, आणि छातीला मिरची किंवा कडुनिंब लावायचा प्रकार तर अजिबात नको. एकेक वेळ कमी करत जायचं.

"दोन वर्षांपर्यंत डाळीचं पाणी."

डाळीच्या पाण्यात पाणी असतं. डाळ खाली राहते आणि ती आपण मोठी माणसं खातो, पोराच्या वाटीत वरचं पिवळं. एवढ्याशा पोटात पाणी भरलं की बाकीच्याला जागा कुठं? सहा महिन्यांपासूनच चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट द्यायचं असतं, आठ-नऊ महिन्यांना बारीक गुठळ्या, आणि वर्षाला घरात शिजतं तेच, तिखट-मीठ कमी करून. मिक्सरला सगळं फिरवून देत राहिलं की पोर चावायला शिकत नाही, आणि नऊ-दहा महिन्यांच्या पुढं गुठळी तोंडाला लागलीच नसेल तर नंतर नखरे जास्त होतात. वन्सं, तुमच्या पोराचं शीत बाहेर ढकलणं मला तरी हेच वाटतंय, तुम्ही गेल्या महिन्यापर्यंत खिचडी पण गाळून देत होता. फक्त अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खं द्राक्ष असलं काही देऊ नका, घशात अडकतं.

"दोनदा थुंकलं तर आवडत नाही."

दीड वर्षाच्या आसपास पोरं नवीन चवीला घाबरायला लागतात, चालायला लागलेलं पोर रस्त्यात दिसेल ते तोंडात घालणार नाही ह्यासाठीच बहुतेक निसर्गानं केलेली सोय असावी, हे आपलं माझं मत. एखादी भाजी पोटात जायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. समोर येणं म्हणजे ताटात एक फोड, जबरदस्ती नाही. तोंड वाकडं केलं म्हणजे नावडलंच असं नसतं, कडू-आंबट लागलं की चेहरा तसा होतोच. आमच्याकडं लाल भोपळा बाराव्या वेळेला गेला, मी कॅलेंडरवर खुणा करत होते, घरात सगळे हसायचे. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्यानं. नाक दाबून घास कोंबणं आणि मोबाईल लावून भरवणं दोन्ही सारखंच, पोट भरलं हे त्याला कळायचं बंद होतं.

"चॉकलेट पावडर घाला."

दोन वर्षांच्या आत वरून साखर नको असं डॉक्टर सांगतात, आणि ह्या पावडरींत साखर भरपूर. "हेल्थ ड्रिंक" नावाचा प्रकार तर आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाहीच, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना त्या नावाखालून ही पेयं काढायला सांगितली. दूध आवडत नाही तर दही द्या, ताक द्या, नाचणी द्या, दूध पिलंच पाहिजे असा काही नियम नाही. ह्या मुद्द्याला ह्याच्यापेक्षा जास्त वेळ नको.

"खाईना म्हणजे जंत."

असू पण शकतात. त्यासाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास अंगणवाडीत गोळी मिळते, एक ते दोन वर्षांना अर्धी, चुरून, दोन वर्षांच्या पुढं अख्खी. लोहाचं सिरप पण तिथं मिळतं, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली, आशाताईंना विचारा. पण बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. जन्माला तीन किलोचं पोर वर्षाला नऊ किलो होतं, तिप्पट. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूक पण कमी होते, हे ठरलेलंच आहे, आणि नेमकं त्याच वेळी आपण "आधी किती छान खायचा" म्हणून घाबरतो. तायी कार्डात, म्हणजे सरकारी दवाखान्यातनं मिळणाऱ्या आई-बाळाच्या कार्डात, वाढीचा तक्ता असतो, त्यावर टिंब मांडत जा, रेष वर जात असेल तर शेजारणीच्या पोराशी तुलना सोडा.

रेष आडवी झाली, पोर माती किंवा खडू खायला लागलं, तळहात पांढरे दिसायला लागले, घट्ट काही दिलं की दरवेळी ठसका लागतोय, असं असेल तर मात्र माझं पण ऐकत बसू नका, बालरोग डॉक्टरकडं जावा.

वन्सं, तुम्ही दुपारी फोनवर विचारलंत, मग आज रात्री काय करू. आज रात्री काही बदलू नका. उद्या सकाळी पहिल्या बाटलीत दूध घालायच्या आधी ती मोजा, दिवसभरात किती होतं ते कागदावर लिहा, आणि संध्याकाळी मला आकडा पाठवा.