पैसा तोडू नका, हिशेब मागा

गगनयानाचा, म्हणजे माणसाला अंतराळात पाठवण्याच्या भारताच्या मोहिमेचा, निधी थांबवून तो शाळा-दवाखान्यांकडे वळवावा, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. 2018 मध्ये 9,023 कोटी मंजूर झाले. 2024 मध्ये अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून आकडा 20,193 कोटींवर गेला. रक्कम मोठी आहेच, पण ती एका वर्षात उडवायची नाही.

खरं नुकसान धरसोडीने होतं. अमेरिकेत 2010 मध्ये ओबामा सरकारने कॉन्स्टेलेशन हा माणसाला पुन्हा चंद्रावर नेण्याचा कार्यक्रम गुंडाळायला घेतला, मग तिथल्या संसदेशी ओढाताण झाली. 2011 मध्ये अंतराळवीरांना नेणारं शटल यानही थांबलं आणि 2020 पर्यंत त्यांचे अंतराळवीर रशियाच्या सोयुझ यानातून जात राहिले!

मी पुण्याजवळ भोसरीत मशिनिंगच्या धंद्यात आहे. बारीक टॉलरन्सचा, म्हणजे मापात अगदी थोडाच फरक चालणारा, जॉब लेथवर घेणारा टर्नर तयार व्हायला वर्षं लागतात. ऑर्डर अडकली की तो दुसरीकडे जातो, परत येत नाही. वालचंदनगरसारख्या कारखान्यांत इस्रोसाठी काम करणारे हातही असेच घडलेत.

हिशेब मागायचा तो संसदेत. तिथे मात्र कित्येक खात्यांच्या अनुदान मागण्या चर्चेविनाच गिलोटिनने, म्हणजे वेळ संपली की उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकून, मंजूर होतात. उड्डाण लांबलं तर वाढीव खर्च कुठून येणार, हे आपल्या पुण्याच्या खासदारांनी सभागृहात विचारावं. शाळांसाठीही जरूर भांडा, मी सोबत आहे.