नायगारा ओलांडून आलं की व्हिसा नवा होत नाही

दर उन्हाळ्यात आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरून येतो. यंदाही आला. त्याचा मथितार्थ असा: 'पासपोर्टातला व्हिसाचा स्टॅम्प संपलाय? घाबरू नका. कॅनडाला ३० दिवसांच्या आत जाऊन या, व्हिसा आपोआप वाढतो. गेलाच आहात तर तिथे नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंगही उरकून घ्या. बहामाच्या क्रूझलाही हेच लागू. आई-बाबांनाही न्या, त्यांचे सहा महिने नव्याने सुरू होतात.' खाली जोडलेले हात आणि 'गरजूंपर्यंत पोहोचवा'.

पंचाईत अशी की ही निव्वळ थाप नाही. 'ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन' नावाची तरतूद खरोखर आहे आणि कागद चोख असतील तर ती चालतेही. म्हणूनच तिच्या भोवतीचं खोटं पटकन पचतं.

पहिलं वाक्य घ्या: 'व्हिसा आपोआप वाढतो.' वाढत नाही. पासपोर्टातला स्टॅम्प दारात दाखवायचा असतो. आत किती दिवस राहायचं ते आय-९४, म्हणजे प्रवेशाची सरकारी नोंद, ठरवते. तुम्ही फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवस किंवा त्याहून कमी राहून परत येत असाल आणि आय-९४ची मुदत शिल्लक असेल, तर संपलेला स्टॅम्प त्या एका प्रवेशापुरता चालू धरतात. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा संपलेलाच असतो. दिवाळीला पुण्याला गेलात की स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट शोधणं आलंच. 'मग टोरंटोमार्गे पुण्याला जाऊन ३० दिवसांत परत येतो' असंही एकाने ग्रुपवर लिहिलं. तसं चालत नाही. मध्ये भारत आला की तरतूद बाद.

बहुतेकांचा पाय घसरतो तो आय-९४वर. एच-वन-बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, मुदतवाढ इथल्या इथे मंजूर झाली की आय-७९७ए हा मंजुरीचा कागद येतो. त्याच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात नवी आय-९४ छापलेली असते, कापून पासपोर्टात ठेवायची. आपण काय करतो? अख्खा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवतो आणि निघताना सरकारी वेबसाइटवरून आय-९४ची प्रिंट काढतो. वेबसाइट मात्र बहुधा मागच्या प्रवेशाची जुनी तारीख दाखवत असते. ती प्रिंट घेऊन सीमेवरच्या पुलावर उभे राहिलात तर तुमच्याच हातात तुमची मुदत संपल्याचा कागद असतो. मूळ आय-७९७ए सोबत हवाच. आणि मुदतवाढीचा अर्ज नुसता पडून असेल आणि आधीची आय-९४ संपली असेल, तर अर्जाची पावती इथे उपयोगाची नाही. गाडी घराकडे वळवा.

मेसेजमध्ये नसलेली एक चांगली गोष्टही सांगतो. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्या मुलाने इथेच राहून एच-वन-बी घेतला असेल आणि पासपोर्टात फक्त जुना एफ-वनचा स्टॅम्प असेल, तरी ही तरतूद त्याला लागू होते. हे मात्र फारसं कोणी फॉरवर्ड करत नाही.

'तिथे स्टॅम्पिंगही उरकून घ्या.' सगळ्यात घातक वाक्य हेच. पूर्वी कॅनडातल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसा नाकारला तरी जुन्या स्टॅम्पवर परत येता यायचं. एप्रिल २००२ पासून ती वाट बंद आहे. बाहेर असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलात की रीव्हॅलिडेशन संपलं. मग व्हिसा मिळेपर्यंत तिथेच थांबा, नाहीतर भारतात जा. इकडे घर, गाडी, मुलांची शाळा तशीच. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं सांगतंय की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करा.

क्रूझचं थोडक्यात: क्यूबा सोडून आसपासच्या बेटांची सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना आहे. एच-वन-बीवाल्याने संपलेल्या स्टॅम्पवर बहामाला जाऊ नये. समुद्रच बघायचा असेल तर प्वेर्तो रिकोला जा, तो अमेरिकेचाच भाग आहे.

आणि कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा लागतो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला तरी लागतो. मेक्सिको अमेरिकेच्या चालू व्हिसावर आत घेतो. पण तुमचा तर संपलाय, म्हणूनच हा सगळा खटाटोप. त्यातून टोरंटोहून विमानाने परतणार असाल तर अमेरिकेचा अधिकारी टोरंटोच्या विमानतळावरच भेटतो. त्याच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवरची मुलगी स्टॅम्पची तारीख बघून मान हलवते. नियमाची छापील प्रत जवळ ठेवा, वाद घालू नका, सुपरवायझरला बोलवा.

आता आई-बाबा. बी-टूचा, म्हणजे पर्यटक व्हिसाचा, स्टॅम्प बहुधा १० वर्षांचा असतो, पण दर खेपेला मुक्काम आय-९४वरच्या तारखेपर्यंतच, बहुधा सहा महिने. ते नायगाऱ्याला पलीकडे जाऊन दोन दिवसांत परतले तर साधारणपणे उरलेल्या मुदतीसाठीच आत घेतात. नवे सहा महिने देणं न देणं अधिकाऱ्याच्या हातात आहे, तो तुमचा हक्क नव्हे. पाचवा महिना संपत आलाय, परतीचं तिकीट दाखवता येत नाही, आणि बाबा भाबडेपणाने म्हणतात, 'सून बाळंत झालीय, अजून राहायचंय.' अधिकारी पुढे काय विचारेल याची कल्पना करा. राहायचंच असेल तर आय-९४ संपण्याआधी आय-५३९ फॉर्म भरून मुदतवाढ मागा. कारण खरं ते लिहा.

धबधबा अमेरिकेच्या बाजूनेही दिसतो. पलीकडून दृश्य जास्त चांगलं, हे मान्य. पण 'मेड ऑफ द मिस्ट'ची बोट अलीकडूनच सुटते, निळा रेनकोट देतात, आणि चढताना कोणी पासपोर्ट मागत नाही.